तीन नंबर आणि वांगं

गोल्फ हा खेळ मुळात खानदेशात जन्मला आणि साहेबानं तो इथून चोरून नेला, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. पुरावा मागितलात तर ते विटीदांडू पुढे करतात. विटीदांडूत खेळ गलीपासून, म्हणजे जमिनीतल्या खळगीपासून, सुरू होतो आणि गोल्फमध्ये तो गलीत जाऊन संपतो, म्हणजे साहेबानं खेळ नेला तो नेला आणि वर नेताना उलटा धरला, असं त्यांचं संशोधन आहे. हे संशोधन त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, माझ्याच ताटातल्या बासुंदीत बोटानं आकृत्या काढून समजावलं होतं. नव्या जावयाची गंमत करायला सासरच्यांनी हा माणूस खास बोलावला असावा, अशी माझी तेव्हा समजूत झाली. पुढे कळलं की हा माणूस बारा महिने असाच असतो आणि त्याला बोलवावं लागत नाही.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. गाव त्यांना नाना म्हणतं, मीही म्हणतो. नरडाणा स्टेशनात उतरून आत वळलं की कपाशीच्या वावरांमध्ये त्यांचं गाव लागतं. तरुणपणी नाना फौजेत गेले. शत्रूच्या छातीवर संगीन रोखायची त्यांची फार हौस होती, पण वरच्यांनी त्यांना नेमलं छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर, गवत राखायला. सगळी नोकरी तिथंच गेली. शत्रूशी कधी गाठ पडली नाही, घुशींशी मात्र रोज हातघाई होती आणि त्या मोहिमांच्या हकिगती नाना अशा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या घुशी सीमेपलीकडून आल्या होत्या. तिथले कर्नलसाहेब त्यांच्यावर खूश. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की ते नानांना चार फटके मारू देत, आणि नाना हवालदार म्हणून घरी परतायला निघाले तेव्हा साहेबांनी आपली जुनी बॅग, आतल्या सगळ्या काठ्यांसकट, त्यांच्या खांद्यावर टाकली. बाकीचे फौजी ट्रंका घेऊन गावाला येतात. हे ती बॅग घेऊन आले. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे, तर म्हणाले, "हत्यार." पुढच्या थांब्यावर पोलिसांनी सबंध गाडी उतरवून घेतली.

गावी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर गावाबाहेरच्या मुरमाड बरडावर मैदान आखलं. तिथं नाहीतरी कुसळांशिवाय काही पिकत नव्हतं. पण गोल्फला शेवटी भोकाभोवती हिरवळ लागते, तिच्यावर चेंडू गुळगुळीत घरंगळावा लागतो, आणि आमच्याकडे होळीनंतर हिरवा रंग फक्त राजकीय पक्षांच्या झेंड्यांवर उरतो. नानांनी डोकं चालवलं. खळं करतात तशी जागा चोपून घेतली, पाणी मारलं, आणि अक्कांकडून शेणानं सारवून घेतली. जगात गोल्फची मैदानं पुष्कळ असतील, पण चेंडू भोकात ढकलण्याआधी खेळाडूनं चप्पल काढायची पद्धत याच मैदानावर आहे. भोकात तेलाचा डबा पुरलेला आणि झेंड्याच्या जागी अक्कांच्या जुन्या लुगड्याची पट्टी. अशी सात भोकं झाली. आठवं नानांच्या भावाच्या बांधापलीकडे जात होतं आणि भाऊ म्हणाला, एक वेळ विहीर खणा, पण हे नको.

नानांचा पोशाख पाहण्यासारखा असतो. पायजमा, फौजेतले कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पांढरी टोपी आणि डाव्या हातात एकच हातमोजा. हा मोजा अक्कांनी गोधडीच्या कापडातून शिवलेला आहे आणि तो काढायचा असतो ही कल्पना नानांना मान्य नाही. लग्नात अक्षता ते मोज्याच्याच हातानं टाकतात. चेंडूसमोर उभे राहिले की सबंध शिवारात शांतता हवी. शेजारच्याचा ट्रॅक्टर बंद करवतात, विहिरीवरची मोटार बंद करवतात. एकदा रस्त्यावरून एक वरात चालली होती, ती त्यांनी हात वर करून थांबवली. नवरदेव घोड्यावर, बँडवाल्यांचे गाल फुगलेले, आणि हे अर्ध्या मैदानातून त्यांच्याकडं रोखून बघतायत. फटका मारला, चेंडू बोरीच्या झुडपात गेला, मग यांनी वरातीला पुढे जाण्याची खूण केली. घोडा दचकला असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि अंतर. नानांच्या जगात मीटर नाही, किलोमीटर नाही, फक्त काठ्या आहेत. आरोग्यकेंद्रात नव्यानं आलेल्या नर्सबाईंनी एकदा त्यांना सरपंचांचं घर विचारलं. नाना म्हणाले, "तठून सात नंबर मारा, मंग उतारवर नऊ नंबर हलका." बाई गेल्या आणि कोणाच्या तरी गोठ्यात निघाल्या. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, आणि अक्कांचं माहेर नानांच्या हिशेबानं इतके ड्रायव्हर दूर आहे की ते सांगताना त्यांचाच हिशेब चुकतो आणि मग ते म्हणतात, "जाऊ द्या, एसटीच बरी."

पण या सगळ्या काठ्यांत त्यांचा जीव कुठं होता, तर तीन नंबरवर. ज्यांना गोल्फशी देणंघेणं नाही, म्हणजे मला धरून सगळ्यांना, एवढं सांगतो की बॅगेत लोखंडी पात्याच्या ज्या काठ्या असतात त्यांत लहान नंबराच्या काठ्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात खाष्ट. पातं पातळ आणि जवळजवळ उभं. चेंडू बरोबर मध्यावर लागला तर तो असा सुटतो की बघत राहावं, आणि बोटभर इकडंतिकडं झाला तर चेंडू कुठंही जातो, वर हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या येतात त्या वेगळ्याच. कर्नलसाहेब म्हणे तीन नंबर बॅगेतून काढायला लागले की बाकीचे साहेब बोलणं थांबवत. नानांचं मत असं की तीन नंबर मारतो तो खेळाडू, बाकीचे भाजी निवडायला बसलेले. दसऱ्याला शस्त्रं पुजताना पाटावर कोयता, विळा, पहार आणि मध्ये तीन नंबर. झेंडूचं फूल आधी तिला, मग देवांना.

आता आखाजीचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथंच झालं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, आणि पुरुष मंडळी त्या एका दिवसापुरती उघड्यावर जुगार खेळतात. त्या दिवशी कोणी कोणाला अडवत नाही. इतर गावांत पत्ते पिसतात. नानांच्या गावात नानांवर पैज लागते. मैदानाच्या शेवटी एक रुंद नाला आहे, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, नुसते गोटे आणि वेड्या बाभळी. उन्हं कलली की नाना अलीकडच्या काठावर तीन नंबर घेऊन उभे राहायचे आणि पलीकडे जातो की नाही यावर अख्खा गाव दोन बाजूंना वाटला जायचा. पैज आंब्याच्या पाट्यांची, कोंबड्यांची, कोणी एक दिवसाची औतं लावायचा. बरीच वर्षं चेंडू जायचा. नाना काठीवर रेलून उभे राहायचे आणि असा चेहरा करायचे की यात काय मोठंसं.

मग वय झालं. खांदा दुखायला लागला. चेंडू पहिल्यांदा नाल्यात पडला त्या वर्षी त्यांनी सगळं खापर माझ्या चष्म्यावर फोडलं. माझं जळगावला चष्म्याचं दुकान आहे आणि नानांचा चष्मा मीच करून दिला होता. भर गावात ते मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही दोन चेंडू दाखाडतस आनि मी नेमका खोटाले मारस." दुसऱ्या वर्षी तापीकडून आलेल्या वाऱ्यावर खापर फुटलं. तिसऱ्या वर्षी कोणाला दोष द्यावा हे त्यांनाही सुचलं नाही. आणि चौथ्या वर्षीच्या आखाजीला याहून वाईट झालं. पैज लागलीच नाही. चेंडू पडणार म्हणणारे सगळे, जाणार म्हणणारा एकही नाही, मग पैज लावायची कोणाशी? लोक थोडा वेळ चुळबुळले आणि पारावर पत्ते खेळायला निघून गेले. नाना काठावर तयार उभे होते. त्यांनी फटका मारलाच नाही. काठी पुसली आणि बॅगेत ठेवली. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर चारचौघांत म्हणाले की पुढच्या आखाजीला शेवटचा मारीन, गेला तर गेला, नाही गेला तर बॅग माळ्यावर टाकीन आणि पुन्हा हात लावणार नाही.

नाना बोललेलं फिरवत नाहीत. फौजेत शिकलेली ही एक सवय फार वाईट. हिवाळ्यात अक्कांचा फोन आला. अक्का माझ्याशी एरवी बोलतात त्या फक्त मी किती वाळलो आहे याविषयी. त्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, खांदा दुखस म्हनीसन महिनाभर खेळनात नहीत. घरमा बठी राहतस. वरातले आडावतस नहीत, कोनाले बोलतस नहीत. मी भाजीमा मीठ टाकं नही तरी चुपचाप खाई लिधं. मले भ्याव लागस." मीठ नसलेली भाजी नाना गप्प खातात हे ऐकून मलाही भीती वाटली. मग अक्कांनी मुद्द्याचं सांगितलं. पुण्याच्या कोणा भाच्यानं त्यांना मोबाईलवर दाखवलं होतं की आता म्हातारी माणसं ती लोखंडी काठी टाकून दुसरीच एक काठी वापरतात, तिला हायब्रिड म्हणतात. ती घेऊन द्या, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका.

नानांपुढे हायब्रिडचं नाव काढल्याबरोबर ते म्हणाले, "हायब्रिड कपाशीनं काय दिवे लावलेत ते दिसतंच आहे." तरी मी त्यांना नाशिकला नेलं. खोटं बोलून नेलं, डोळे तपासायचे म्हणून. खेळाच्या सामानाच्या दुकानाची पायरी लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर आतल्या काठ्या दिसल्या होत्या आणि त्यांचा पाय मागं फिरेना. एक चलाख बाई पुढे आल्या. त्यांनी हायब्रिड दाखवली. दांडी काठीसारखीच, पण पात्याच्या जागी एक काळंभोर, गुबगुबीत डोकं. वजन खाली आणि मागच्या बाजूला असतं, त्यामुळं चेंडू जरा कडेला लागला तरी उचलला जातो, फार भरकटत नाही, असं त्यांनी समजावलं. आणि प्रेमानं म्हणाल्या, "काका, ही काठी चूक पोटात घालते."

नाना ताठ झाले. म्हणाले, "बाई, आमच्या फौजेत चूक पोटात घालत नव्हते. मैदानाला चक्कर मारायला लावायचे."

बाई हसल्या आणि तीन काठ्या मांडल्या. पहिलीला पेच होता, पान्यानं फिरवून तिचा कल बदलता येत होता. नानांनी ती लगेच नाकारली, "पाना घेऊन खेळायला मी काय फिटर आहे?" दुसरी लखलखीत, तिच्यावर लाल-पिवळे पट्टे; ती त्यांनी वरातीतल्या घोड्याला शोभेल म्हणून बाजूला ठेवली. तिसरी साधी. ती हातात घेऊन त्यांनी सगळ्या बाजूंनी बघितली, तळव्यावर ठोकून बघितली, कान लावून ऐकली. बैल घेताना बघतात तसं चाललं होतं. दात बघायचे तेवढे राहिले. मग म्हणाले, "बैल नांगराला जुंपल्याशिवाय घेत नाहीत. हिला जुंपू कुठं?" बाईंनी त्यांना एका जाळीच्या खोलीत नेलं. समोर पडद्यावर हिरवंगार मैदान, तळं, दूर डोंगर. नाना बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इतकं पाणी या लोकांना सुटलं कधी?"

आधी त्यांनी आपला तीन नंबर मारला. तो त्यांनी छत्रीच्या पिशवीत घालून बरोबर आणलाच होता. मला वाटलं होतं छत्री आहे. पडद्यावर चेंडू तळ्यात बुडाला. नवीन काठीनं मारला, तो सरळ गेला. नाना म्हणाले, "मशीन तुमचंच आहे." आणखी मारला, तोही बरा गेला. मोज्याचा हात त्यांनी दोनदा उघडझाप करून बघितला. झिणझिण्या आल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, तीन नंबरच्या जागी तीन नंबरचीच घ्यावी असं काही नसतं, चेंडू किती उंच जातो आणि कुठं टेकतो ते बघायचं, तुम्हाला चार नंबरची बसेल. नानांचा चेहरा पडला, "म्हणजे पद उतरवलं." मग बाई म्हणाल्या की दांडी मात्र नरम घेऊ, सीनियरची. सीनियर म्हटल्यावर नाना जरा खुलले. हवालदारकीवरून निवृत्त झालेल्या माणसाला एवढ्या वर्षांनी कोणी सीनियर म्हटलं होतं. बढती आणि बदली एकाच हुकुमात आली, असं समजून त्यांनी काठी पसंत केली.

घासाघीस व्हायची बाकी होती. नाना मालकांच्या टेबलाशी गेले, खांद्यावरचा पंचा काढला, मालकांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली बोटं दाबून, म्हणजे चारचौघांना कळू नये. मालक सुटाबुटातले गृहस्थ. पंचाखाली एका म्हाताऱ्यानं हात पकडून एकेक बोट दाबायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे, मग पहारेकऱ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं. मालक तसे भले. त्यांनी मग पंचाखाली हात राहू दिला आणि भीत भीत एक बोट दाबलं. सौदा झाला. किती बोटांत झाला हे नानांनी मला आजवर सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं नसतं.

काठी घरी आली. अक्कांनी औक्षण केलं, डोक्याला कुंकू लावलं आणि मग नीट न्याहाळून म्हणाल्या, "हाई ते भरीतनं वांगं शे." तेव्हापासून ती वांगं. पुढे अक्का असंही म्हणाल्या, "सवत आनी ते आनी, दिसाले तरी बरी आनती." नाना ऐकत नव्हते. ते काठीला तेल लावत होते. आमच्याकडे कुऱ्हाडीचा नवा दांडा आणला की तो उन्हानं तडकू नये म्हणून तेल जिरवतात, आणि नानांच्या लेखी दांडा तो दांडा. त्यांनी वरपासून खालपर्यंत, धरायच्या रबरी मुठीसकट, करडईचं तेल असं चोळलं की लग्नातल्या नवरदेवालाही कोणी चोळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बरडावर गेलो. नानांनी शांततेची खूण केली, काठी मागे नेली, जोरात आणली, आणि चेंडू होता तिथंच राहिला. वांगं मात्र हातातून सुटून गरगरत गेलं आणि बाभळीच्या शेंड्याला जाऊन लटकलं. फार सुंदर गेलं. तीन नंबरचा चेंडूही कधी इतका सरळ गेला नव्हता. नाना रिकाम्या हातांकडं बघत म्हणाले, "नरम दांडी शे." मग एका शेळ्यावाल्याला बोलावलं. शेळ्यांसाठी पाला ओढायची त्याची लांब आकडी होती, तिनं वांगं खाली काढलं, आणि अक्कांनी ते भांड्यांच्या पावडरनं घासून उन्हात वाळत घातलं.

त्यानंतर नानांनी सराव केला तो गोठ्यामागे, चोरून. कोणी आलं की काठी कडब्यात खुपसायचे. विचारलं तर खांद्याचा व्यायाम आहे म्हणायचे. मी एकदा म्हणालो, "नाना, लोखंड काय, वांगं काय, चेंडू गेल्याशी कारण." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही चष्मे विकणारे. नाही दिसत त्याला काच लावून देता. हे तसं नाही." माझा धंदा वाईट नाही असं मला वाटतं, पण त्या दिवशी त्यांना पटवता आलं नाही.

आखाजी आली. सगळ्या लेकीबाळी झोक्यांवर, गौराईची गाणी, घरोघर आमरस. पैजेचं काय होणार याची मला धास्ती होती. पुन्हा सगळे एका बाजूला गेले तर नाना फटका न मारताच बॅग माळ्यावर टाकतील, हे सरळ दिसत होतं. दुपारी गडी माणसं पारावर जमली आणि कोणीतरी हसून विचारलं, "नानानी बाजूले कोन शे?" कोणी बोलेना. तेवढ्यात अक्का आल्या. बाया त्या पैजेत कधी आल्या नव्हत्या. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मन्ह्या यंदान्या बठ्ठ्या बिबड्या. चेंडू पलीकडे जाई." बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, आणि अक्कांनी यंदाच्या सगळ्याच्या सगळ्या पणाला लावल्या होत्या. अक्का उन्हाळाभर राबून वर्षाच्या करतात आणि त्यांच्या बिबड्यांसाठी सख्खे भाऊ भांडतात. पार एकदम गंभीर झाला. पैज लागली.

काठावर नानांनी बॅगेतून वांगं काढलं तेव्हा मात्र ओरड झाली. हे तीन नंबर नव्हे, ही फसवणूक आहे, असली काठी घेतली तर माझी शेळीही चेंडू पलीकडे घालेल. शेवटी गावातले सगळ्यांत म्हातारे आबा, ज्यांना ऐकू कमी येतं पण मत द्यायला अडत नाही, काठी आपटून म्हणाले, "पैज नानावर शे. लोखंडवर नही." मग सगळे गप्प झाले. ट्रॅक्टर बंद, मोटार बंद, झोक्यावरच्या पोरीही थांबल्या. नानांनी चेंडूवर नजर लावली. अक्का मागे उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते.

फटका बसला आणि मला आवाज आवडला नाही. मला खेळ कळत नाही, पण इतकी वर्षं नानांच्या शेजारी उभं राहून चांगल्या फटक्याचा खणखणीत आवाज मला ओळखता येतो. हा थप्प असा झाला. चेंडू काठीच्या टोकाला लागला होता. तो उठला, पण कसा, तर कोंबडी गडग्यावरून उडते तसा, फडफडत, वाकडा, जीव मुठीत धरून. नाल्यावर पोचला तोवर त्याच्यात काही उरलं नव्हतं. तरी तो पलीकडच्या काठाच्या कडेवर आपटला, एकदा उसळला आणि वर जाऊन पडला.

मग काय विचारता. पोरांनी बॅगच डोक्यावर घेतली. हरलेल्यांनी आबांना शिव्या दिल्या, त्या त्यांना ऐकू आल्या नाहीत. अक्कांनी डोळे उघडले आणि शेजारच्या बाईला विचारलं, "गया का?" आणि हो म्हटल्यावर खाली बसून पदरात तोंड घालून रडल्या. मीही चष्मा पुसला. या सगळ्या गोंधळात नाना एकटेच नाला उतरून पलीकडे गेले होते, चेंडू आणायला. बराच वेळ झाला तरी आले नाहीत. अक्का मला म्हणाल्या, "जा ना भाऊ, देखा."

मी गोट्यांवरून धडपडत पलीकडे गेलो. नाना बांधावर बसले होते, चेंडू मोज्याच्या हातात. मी म्हणालो, "नाना, गेला की!"

"गया," ते म्हणाले. चेंडूवरची माती त्यांनी अंगठ्यानं काढली. "पन मी चुकनू, भाऊ. टोकले लागना. तीन नंबर राहता ते नालामाच पडता."

सगळ्या गावानं जे पाहिलं नव्हतं ते त्यांनी पाहिलं होतं, आणि ते त्यांनी कोणाला नाही तर मला सांगितलं. मी विचारलं, "मग बॅगेचं काय करायचं?"

"बॅग ऱ्हाऊ द्या खाले." चेंडू त्यांनी खिशात टाकला. "तीन नंबर मी ठी दिसू वर, माळ्यावर. मीच ठीसू. पोरेस्ले सांगज्यात नका, कर्नलसाहेबनी व्हती ती."

त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. हा माणूस म्हातारा झाला आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं मी त्यांच्यावर हसत आलो, पुढेही हसेन, पण ते बरडावर नसतील तर त्या गावाला जाण्यात मला काही राम वाटणार नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या स्पष्ट कळलं. मी तसं म्हणालोही. त्यांनी फक्त हातातला मोजा नीट ओढून घेतला.

पलीकडून पोरं हाका मारायला लागली तेव्हा आम्ही उठलो. नाल्यात उतरताना नानांनी माझ्यापुढे हात केला. "धरा," ते म्हणाले, "तुम्ही शहरना मानूस. गोटा सरकतस, पडशात." मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझा हात इतका घट्ट आवळला की माझी बोटं दुखली, आणि प्रत्येक गोट्यावर पाय ठेवण्याआधी ते थांबत होते. अलीकडच्या काठावर चढून आलो तरी त्यांनी हात सोडला नाही, आणि मीही धरून ठेवला.